घुमट कुठे वाजतंय, हे मेंदूला कसं कळतं?

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरात आरती सुरू झाली की घुमट (मातीचं चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि कांसाळे (झांजा) एकदमच कानावर येतात. त्यात गाणाऱ्यांचे चढे आवाज, रांदपाच्या खोलीतली (स्वयंपाकघरातली) भांडी, अंगणात पोरांचा दंगा. कानाच्या पडद्यापुरतं बोलायचं तर हे सगळं मिळून एकच थरथर असते. पडदा पुढे जातो, मागे येतो, बस्स. त्या एका थरथरीतून घुमट डावीकडे, कांसाळे उजवीकडे आणि मागून हाक मारते ती मावशी, एवढं सगळं वेगळं काढायचं असतं.

पहिली फोड आतल्या कानातच होते. कॉक्लिया हा शंखाकृती अवयव उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल. त्याच्या आतला पापुद्रा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. त्यामुळे कांसाळ्यांचा खणखणाट सुरुवातीचाच भाग हलवतो, तर घुमटाचा घुमारा टोकापर्यंत पोहोचतो. पेटीच्या पट्ट्या खर्जापासून तारापर्यंत ओळीने असतात, तशीच ही मांडणी, आणि ती थेट मेंदूच्या वरच्या थरापर्यंत टिकून राहते. पापुद्र्यावरून ही लाट कशी धावते ते गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं; त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. ही थरथर टिपून मेंदूला खबर देणाऱ्या आतल्या ओळीतल्या केसपेशी एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. तिथून सुमारे तीस हजार तंतू निघतात. डोळ्याकडून मेंदूकडे दहा लाखांच्या आसपास तंतू जातात, त्या मानाने हा कारभार अगदीच काटकसरीचा.

आवाज डावीकडचा की उजवीकडचा, ही माहिती मात्र कॉक्लियात कुठेच नसते. ती दोन कानांची तुलना करूनच काढावी लागते.

आवाज अगदी डावीकडून आला तर उजव्या कानाला तो फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा ऐकू जातो. आवाज जवळजवळ समोर असेल तर हा फरक आणखी खूप कमी होतो, आणि तरीही दहा मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरक माणसाला ओळखता येतो. आता गंमत बघा. चेतापेशीचा एक विद्युत स्पंद स्वतःच एक मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो. आपल्याच स्पंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा फरक या पेशी टिपतात! मेंदूच्या वरच्या थराचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते खरी कमाल खाली, मेंदूच्या बुडाशी असलेल्या ब्रेनस्टेममध्ये आहे.

तिथे सुपिरियर ऑलिव्ह नावाच्या पेशींच्या पुंजक्यात दोन्ही कानांचे निरोप पहिल्यांदा भिडतात. काही पेशी दोन्हीकडचे स्पंद एकाच क्षणी पोहोचले तरच जोरात पेटतात. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये सुचवलं की लांब तंतूवरून निरोप उशिरा पोहोचतो, त्यामुळे तंतूंची लांबी कमीजास्त असेल तर प्रत्येक पेशी एकेका दिशेची राखणदार होईल. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत बरंचसं तसंच आढळलं. सस्तन प्राण्यांत नेमकं हेच घडतं का, यावर संशोधक अजून भांडताहेत.

घुमटासारख्या खर्जातल्या आवाजाला ही वेळेची युक्ती चालते, कारण लांब लाटा डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात आणि दोन्ही कानांना आवाज जवळपास सारख्याच जोराचा लागतो. कांसाळ्यांच्या बारीक लाटांना डोकं आडवं येतं. पलीकडच्या कानाला त्या मंद ऐकू येतात, आणि ऑलिव्हमधल्या दुसऱ्या पेशी या जोराच्या फरकावरून बाजू ठरवतात. त्यासाठी पलीकडच्या कानाचा निरोप अजिबात न रेंगाळता यावा लागतो. म्हणून त्या वाटेवरचा चेताजोड, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, मेंदूतल्या सर्वांत मोठ्या चेताजोडांपैकी एक आहे. हान्स हेल्ड यांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. या सगळ्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

पुढचा प्रवास इन्फिरियर कॉलिक्युलस आणि थॅलॅमस हे मेंदूतले मधले थांबे, आणि मग कानाच्या वर, आतल्या बाजूला असलेला ऑडिटरी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा ऐकण्याचा भाग. वाटेत तंतू इतके इकडून तिकडे जातात की प्रत्येक कानाची खबर मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांना मिळते. त्यामुळे अर्धांगवायूत एका बाजूचा कॉर्टेक्स गेला तरी सहसा एक कान बहिरा होत नाही.

यातलं काय ऐकायचं, हे लक्ष ठरवतं. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाई बोलू लागली तर कळलं, पण इंग्रजीची जर्मन झाली ते बहुतेकांच्या ध्यानातही आलं नाही. घरात कोकणी, देवळातल्या नाटकाला मराठी आणि कचेरीत इंग्रजी, अशी सवय असलेल्या आपल्या लोकांनाही तिथे फारसं वेगळं जमलं असतं असं मला वाटत नाही.

वयस्क माणसं म्हणतात, "आवाज येता, पूण उतरां कळनात", म्हणजे आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. तक्रार अगदी नेमकी आहे. वयाबरोबर कॉक्लियाच्या सुरुवातीच्या, बारीक आवाजांच्या केसपेशी आधी जातात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अ, आ, ओ असे स्वर खालच्या पट्टीत, म्हणून आवाज पोहोचतो. स, श, त, क यांची ओळख वरच्या पट्टीत, म्हणून शब्द निसटतो. अशा वेळी कानाशी ओरडून उपयोग नाही, ओरडण्यात स्वरच मोठे होतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललेलं बरं.

तरुणांतही कधी तपासणीत सगळं ठीक निघतं, तरी गर्दीत बोलणं कळत नाही. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये दाखवलं की मोठ्या गोंगाटानंतर उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत राहिल्या, पण त्यांना चेतांशी जोडणारे कितीतरी सांधे कायमचे गेले. माणसात असं किती घडतं यावर अजून काम चालू आहे. शांत खोलीत शिट्ट्या ऐकवून घेतलेल्या चाचणीत हे सापडत नाही. म्हणून अशी तक्रार असेल तर गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी होते का, ते ऑडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारावं.