उलट बाजूचे स्टीअरिंग (क्लासिक मोटारींतील)

वाहतूक रस्त्याच्या ज्या बाजूने चालते, त्याच बाजूला चालकाची सीट असलेली मोटार. डावीकडून वाहतूक असेल तर स्टीअरिंग उजवीकडे आणि उजवीकडून असेल तर डावीकडे, असा आजचा संकेत आहे. चालक रस्त्याच्या मध्याजवळ बसला की समोरून येणारे वाहन त्याला लवकर दिसते, हे त्यामागचे साधे कारण. जगातली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत राहते, त्यामुळे जुनी गाडी परदेशी विकली गेली किंवा मालकाने रॅलीसाठी सीमेपार नेली की ती सहज ‘उलटी’ ठरते.

मात्र काही गाड्या जन्मतःच उलट्या होत्या. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांतही स्टीअरिंग बरेचदा उजवीकडेच असे. फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी डाव्या स्टीअरिंगची काढली आणि ती इतकी खपली की अमेरिकेत तोच रिवाज पडला. युरोपातल्या महागड्या गाड्यांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बुगाटी उजव्या स्टीअरिंगच्या होत्या, आणि इटलीत उजवीकडून वाहतूक असूनही लॅन्शियाने महायुद्धानंतरही काही वर्षे उजवे स्टीअरिंगच चालू ठेवले. डोंगरातल्या अरुंद रस्त्याची कड चालकाला नीट दिसावी, असे त्याचे कारण सांगतात. प्रतिष्ठेचा भागही त्यात असावाच. शर्यतीच्या गाड्यांचे गणित वेगळे. बहुतेक सर्किटे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उजवी वळणे जास्त येतात, म्हणून अमेरिकी कंपनीची फोर्ड जीटी४० आणि जर्मन पोर्शे ९१७ या दोन्ही उजव्या स्टीअरिंगच्या बनल्या.

सर्वांत नवलाची गोष्ट स्वीडनची. तिथे १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून होती, पण बहुतेक मोटारी डाव्या स्टीअरिंगच्या, अगदी तिथेच बनणारी व्होल्वो अ‍ॅमेझॉनसुद्धा. म्हणजे जवळजवळ सगळा देश रस्त्याच्या कडेला बसून गाडी हाकत होता. १९५५ च्या सार्वमतात लोकांनी बाजू बदलायला प्रचंड बहुमताने नकार दिला होता. तरी सरकारने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता वाहतूक उजवीकडे नेली, आणि उलट्या गाड्या कुणी हात न लावता सुलट झाल्या.

चालवताना खरी अडचण ओव्हरटेकची. डावीकडून वाहतूक असलेल्या रस्त्यावर डाव्या स्टीअरिंगची गाडी ट्रकच्या मागे अडकली की चालकाला फक्त ट्रकचे मागचे फळकूट आणि रस्त्याची कड दिसते. पुढचे पाहायचे तर अर्धी गाडी समोरच्या लेनमध्ये काढावी लागते. यावर उपाय म्हणजे ट्रकपासून भरपूर अंतर ठेवणे आणि डाव्या वळणाची वाट पाहणे, कारण तिथे ट्रकच्या आतल्या बाजूने पुढचा रस्ता बराच लांबपर्यंत दिसतो. शेजारी बसलेल्याच्या ‘जाऊ दे’वर विसंबण्याची पद्धत आहे, पण त्याला स्वतःला गाडी चालवता येत नसेल तर ती न पाळलेली बरी.

जुन्या गाडीत या अडचणीत भर पडते. कित्येकींना एकच साइड मिरर असतो, तोही चालकाच्या बाजूला, म्हणजे आता कडेच्या बाजूला. ज्यांना इंडिकेटरच नाहीत त्यांच्या चालकाने हात दाखवला तर तो कडेच्या बाजूला निघतो आणि ओव्हरटेक करायला आलेल्याला दिसतच नाही. चूक मात्र भर रहदारीत सहसा होत नाही, कारण तिथे पुढच्याच्या मागे जायचे असते. ती होते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून किंवा रेडिएटरमध्ये पाणी घालून पुन्हा निघताना. जुन्या गाड्या थांबतातही जास्त.

दिव्यांचा प्रश्न वेगळाच. डिपरचा झोत दोन्हीकडे सारखा नसतो. कडेच्या बाजूला तो वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली राहतो. वाहतुकीची बाजू उलटी असलेल्या देशात गाडी नेली की हाच चढलेला भाग समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचेच्या ठरावीक भागावर काळी चिकटपट्टी लावणे हा जुना आणि पुरेसा उपाय. काही हेडलाइटमध्ये बल्बची बैठक फिरवून झोत पालटायची सोय असे. फार जुन्या दिव्यांचा झोत सममित असल्याने त्यांना हा त्रास नाही, आणि उजेडही बेताचाच.

कायदा सहसा वयाकडे पाहतो. अमेरिकेत २५ वर्षे झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांत बसत नसली तरी आयात करता येते. म्हणूनच १९८९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर २०१४ पासून उजव्या स्टीअरिंगसह तिथल्या रस्त्यांवर दिसू लागली. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारानुसार तात्पुरत्या प्रवासासाठी आलेल्या गाडीचे स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे, यावरून तिला अडवता येत नाही.

स्टीअरिंगची बाजू बदलून घेणारे मालकही आहेत. जॅग्वार ई-टाइप बहुतांश निर्यात झाल्या, त्यांतल्या कितीतरी अमेरिकेतून ब्रिटनला परतल्यावर उजव्या स्टीअरिंगच्या करण्यात आल्या. रॅक आणि पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारे छोटे दातेरी चाक) असेल तर काम त्यातल्या त्यात सोपे. स्टीअरिंग बॉक्स आणि सांधेदार दांड्यांची रचना असेल तर जास्त अवघड. पेडल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, डॅशबोर्ड, केबल हे तर दोन्हींत हलवावे लागते. १९५९ च्या मूळ मिनीत स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध होते, त्यामुळे निदान तेवढे तरी जागचे हलत नसे. चांगली मूळ गाडी केवळ सोयीसाठी बदलणे हे तिच्या इतिहासातले एक पान फाडण्यासारखे आहे, आणि जाणकार ग्राहक त्याचे पैसे कापतो. असा बदल ओळखायचा तर पावसात काचेकडे पाहावे. वायपर जुन्याच दिशेने फिरत असतील, तर न पुसलेला तिरपा कोपरा नेमका चालकाच्या डोळ्यांसमोर राहतो.