सुवर्णदुर्गाची सांजफेरी : बोट ठरवण्याआधी हे वाचा

हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गापर्यंत बोटीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. किनाऱ्यावरून किल्ला इतका जवळ दिसतो, की पोहून जाता येईल असं वाटतं. (जाऊ नका. मधल्या पाण्याला ओढ आहे आणि मासेमारीच्या बोटींची ये-जा सतत चालू असते.) फोनवर बहुतेक पाहुणे पहिला प्रश्न एकच विचारतात, "शनिवारी जमेल का?" आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "त्या शनिवारी तिथी कोणती?" काहींना वाटतं आम्ही मुहूर्त बघतो. तसं नाही. समुद्राला वार कळत नाही, तिथी कळते.

तिथी कशाला लागते

सुवर्णदुर्गाला बोट लावायला धक्का नाही. बोट वाळूपर्यंत जाईल तितकी न्यायची आणि पाण्यात उतरून चालत जायचं. पाणी भरलेलं असेल तर फक्त पोटऱ्या भिजतात. ओहोटीला मात्र बोट लांबच थांबते आणि मधे उघडा पडलेला काळा कातळ लागतो. त्यावर शेवाळ असतं, आणि कालवं इतकी धारदार, की अनवाणी पाय टेकला की चिरलाच.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. दर दिवशी भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, सगळं गणित त्यावरच उभं आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, भरती-ओहोटीचा तक्ताही पाहतात. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तारीख निवडायला तुम्हाला एवढं पुरे.

सांजफेरीला उत्तम दिवस म्हणजे षष्ठी ते दशमी, दोन्ही पक्षांतले. पाणी दुपारपासून चढत असतं किंवा नुकतंच भरलेलं असतं. त्यातही सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. बोट जिथे लावली तिथेच सापडते. शुक्ल अष्टमी असेल तर सूर्य बुडताना अर्धा चंद्र डोक्यावर आलेला असतो, परतताना उजेड मिळतो. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवत नाही, पण चांदण्या बघायच्या असतील तर तीच रात्र बरी.

एकादशी ते त्रयोदशी चालून जातं. संध्याकाळी पाणी चढतं असतं, फक्त सुरुवातीला उतरताना थोडं जास्त चालावं लागतं.

प्रतिपदा ते चतुर्थी आम्ही टाळतो. तेव्हा पाणी संध्याकाळभर उतरत असतं. टाळायचं का, ते एकदा अंगाशी आल्यावर कळलं. अमावास्येनंतरची तृतीया होती, पाहुण्यांचा आग्रह होता आणि आमचा धंदा नवा होता. पावणेपाचला उतरलो तेव्हा बोटीखाली कमरेएवढं पाणी होतं. मंडळी तटावर फोटो काढत राहिली, आम्हीही घाई केली नाही. सव्वा तासाने परत आलो तर बोट एका कुशीवर कलंडून वाळूत बसलेली. दहा जणांनी खांदा लावला, वीतभरसुद्धा हलली नाही. शेवटी बंदरातून एक लहान होडी मागवली आणि बॅटरीच्या उजेडात, कातळावरून एकमेकांचे हात धरून सगळ्यांना तिच्यापर्यंत नेलं. कोणाला लागलं नाही, पण एका आजोबांची चप्पल अजून तिथेच कुठेतरी असेल. आमची बोट तरंगली रात्री अकराला. पैसे परत केले ते वेगळंच.

पौर्णिमेचं काय

पौर्णिमेला सगळ्यांनाच यायचं असतं. पश्चिमेला सूर्य समुद्रात जातो आणि त्याच सुमाराला पूर्वेला दापोलीकडच्या डोंगरामागून चंद्र वर येतो. दोन्ही एका बोटीतून दिसतात, खोटं कशाला बोला. पण तो उधाणाचा दिवस. भरती दुपारी येऊन गेलेली असते आणि संध्याकाळी पाणी सगळ्यात मागे हटलेलं असतं. म्हणून पौर्णिमेला आणि अमावास्येला आम्ही किल्ल्यावर उतरवत नाही. बेटाला बोटीतूनच फेरी मारतो, खोल पाण्यात थांबतो आणि परत आणतो. भाडं थोडं कमी पडतं. किल्ला आतून पाहायचाच असेल तर तारीख आठवडाभर पुढे ढकला.

फेरीत काय काय होतं

पूर्ण बोट तुमची असते, बाहेरचे प्रवासी आम्ही घेत नाही. फायबरची बोट आहे, तांडेल आणि एक खलाशी सोडून आठ माणसं, त्यात मुलंही मोजली जातात. नववा माणूस "बारीकच आहे" असला तरी नाही. एकूण वेळ अडीच तास.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी बंदरावरून निघतो. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाला आणि मेच्या सुरुवातीला सातला. त्यावरून तुमची वेळ काढा. किल्ल्यावर साधारण तासभर मिळतो.

किल्ल्याचा दरवाजा पूर्वेला, किनाऱ्याच्या बाजूला आहे, पण बुरुजांच्या आड असा लपवलेला, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि तटावर मारुती. दरवाजा पूर्वेचा असल्यामुळे संध्याकाळी तिथे सावली असते. कासवाचा फोटो काढायचा असेल तर आत शिरतानाच काढा, परतताना अंधुक होतं. तटाचा खालचा भाग काही ठिकाणी बेटाचाच कातळ तासून केला आहे आणि वर मोठमोठे चिरे रचले आहेत. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, हे शोधायला मुलांना सांगा. अर्धा तास जातो त्यांचा. आत पाण्याची टाकी, विहीर, जुने चौथरे आणि बरंच रान आहे. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं असतं, तेव्हा मळलेली वाट सोडू नका.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेऊन मजबूत केला. पुढे कान्होजी आंग्रे इथूनच नावारूपाला आले. १७५५ च्या एप्रिलमध्ये पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागून किल्ला पाडाव केला. या जेम्सच्या बायकोने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ साली लंडनमध्ये, शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर, एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचा इंग्रजी उच्चार. मनोरा अजून उभा आहे. तिकडे राहणारे काही मराठी पाहुणे तो आधी बघून मग इथे येतात, आणि आम्हाला फोटो दाखवतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्गही आहे. तेव्हापासून गर्दी वाढली, कचराही वाढला. तुमच्या पाण्याच्या बाटल्या बोटीतच ठेवा, गोणी आमच्याकडे असते.

सूर्यास्त कुठून पाहायचा

किल्ल्यावरून नाही. हे वाचून काही जण हिरमुसतात. पण पश्चिमेच्या तटावर सूर्य बुडेपर्यंत बसलं, तर झाडीतून आणि पडक्या दगडांवरून अंधारात परत यावं लागतं. म्हणून अर्धा तास आधी सगळ्यांना बोटीत घेतो. पुढे तुमच्या पसंतीप्रमाणे दोनपैकी एका जागी थांबतो.

एक, बेटाच्या आतल्या अंगाला, किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये. इथे किल्ल्याचा आडोसा असल्याने पाणी शांत असतं आणि सूर्य तटामागे जाताना बुरुज काळे कातरल्यासारखे दिसतात. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा बोट लागणारे पाहुणे असतील तर आम्ही हीच जागा सुचवतो.

दुसरी बाहेरच्या अंगाला. समोर उघडा समुद्र, मधे काही नाही. बोट हलते, उगीच नाही म्हणत नाही. इथे आलात तर एक करा, शेवटच्या दहा मिनिटांत सूर्याकडे पाठ फिरवा. पश्चिमेचा तट त्या वेळी गुळासारखा तांबूस होतो आणि चिऱ्यांचा सांधा न् सांधा मोजता येतो. सगळे मोबाइल दुसरीकडे रोखलेले असतात, त्यामुळे हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

सूर्य पाण्याला टेकेलच असं सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्याच्या हातभर वर असतानाच त्यात विरून जातो. पाऊस गेल्यानंतरचा ऑक्टोबर त्या मानाने स्वच्छ. पट्टा असला तरी लगेच "चला" म्हणू नका. आकाशाचा खरा रंग सूर्य गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, तेवढं थांबतो. मग संधिप्रकाश असतानाच इंजिन चालू करतो. परतताना समोर, बंदराजवळच्या कनकदुर्ग किल्ल्यावरचा दीपस्तंभ लागलेला असतो.

वारा आणि हवामान

दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, पाणी चुबचुबतं आणि जाताना अंगावर शिंतोडे येतात. सूर्य कलला की वारा पडत जातो. जाताना घाबरलेली माणसं येताना पाय सोडून बसतात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला, किंवा तांडेलला आभाळ आवडलं नाही, तर फेरी रद्द होते. पैसे पूर्ण परत, किंवा दुसरी तारीख. तांडेलशी वाद घालू नका, आम्हीही घालत नाही.

आमच्या फेऱ्या ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, पण पाहुण्यांना घेऊन जायचं ते पाणी निवळल्यावरच.

येताना

पाठीमागे पट्टा असलेली सँडल घाला. बूट भिजतात आणि साधी चप्पल वाळू ओढून घेते. एक कोरडा कपडा आणि पाणी बरोबर ठेवा, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी आम्ही देतो. बेटावर स्वच्छतागृह नाही, दुकान नाही. लाइफ जॅकेट बंदरावर चढवायचं ते बंदरावरच काढायचं, फोटोपुरतंसुद्धा मधे नाही. बोट लागत असेल तर निघण्याआधी पोटभर खाऊ नका, पण अगदी उपाशीही येऊ नका. मागच्या बाजूला बसा, नजर लांब ठेवा. आवळासुपारी आणि कोकम सरबत बोटीत असतं. पाठीचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा, पुढच्या टोकाला धक्के बसतात. दारू चालणार नाही. प्यालेल्या माणसाला बोटीत घेत नाही, मग बुकिंग कितीही आधीचं असो.

डॉल्फिन सकाळी बरेचदा दिसतात, संध्याकाळी नशिबाने. त्यांच्यामागे बोट पळवा असं सांगू नका.

भाडं बोटीचं आहे, माणशी नाही. दोघं या किंवा आठ जण. डिझेल वरखाली होतं म्हणून आकडा छापलेला नाही, पण फोनवर सांगू तोच शेवटपर्यंत राहील. चौथा हिस्सा आगाऊ, बाकी उतरल्यावर.

बंदरावर भेटायची जागा

दापोलीहून हर्णै साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. गाडी वर रस्त्याला लावा, वाळूत आणू नका. भरतीला चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. कनकदुर्गाच्या खाली मासळीचा लिलाव भरतो, त्याच्या अलीकडे आमचा खलाशी उभा असेल. अर्धा तास लवकर या. बोटींतून टोपल्या उतरतात, बैलगाड्या पाण्यात शिरून माल घेतात, बैलांच्या पोटाला लाटा लागतात, आणि वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे मांडून बोली सुरू होते. वास येणारच, नाकाला रुमाल लावून उभं राहू नका, लोकांना वाईट वाटतं. मधे उभं राहून फोटोही नको, तिथे मिनिटामिनिटाला पैसे फिरत असतात.

मासे घ्यायचे असतील तर परतल्यावर किनाऱ्यावर बसलेल्या बायकांकडून घ्या. आधी घेऊन बोटीत आणलेत तर अडीच तास कुरव पक्षी आपल्या डोक्यावर फिरत राहतात.

फोन नंबर पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे. दुपारी दोन ते चार उचलला गेला नाही तर पुन्हा लावा, तेव्हा आम्ही बहुधा बोटीतलं पाणी उपसत असतो.