दीर्घकालीन ल्युकेमिया : ज्येष्ठांमधील जनुकीय जोखीम

उतारवयातल्या, सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (सीएलएल) आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हे दोन प्रमुख. सीएमएलमध्ये ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल१ जनुक तयार होते. हा बिघाड जन्मानंतर अस्थिमज्जेतल्या पेशीत होतो. मुलांकडे जात नाही. वारशाचा प्रश्न येतो तो सीएलएलमध्ये.

सीएलएल रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडे व मुले यांना तो होण्याची शक्यता इतरांच्या ५ ते ८ पट असते. पण मुळात आजार विरळ, भारतात पाश्चात्त्य देशांहूनही कमी. त्यामुळे बहुतेक नातेवाइकांना तो कधीच होत नाही. दोष एका जनुकाचा नसून ४० हून अधिक ठिकाणच्या बारीकसारीक फरकांचा असतो. म्हणून निरोगी मुलांची जनुक तपासणी करून पैसे घालवू नयेत.

कौटुंबिक इतिहास मात्र नीट सांगावा. होळकरशाहीत इंदुरात स्थायिक झालेल्या काही मराठी घराण्यांकडे छापील कुलवृत्तांत असतो, पण त्यात लेकींच्या सासरची माणसे बहुधा गळतात. जोखीम आईकडूनही येते. आजोळ, आत्या, मावशी सगळे विचारावे. 'भाऊ' म्हटल्यावर सख्खा की चुलत, हेही स्पष्ट करावे.

रुग्णाच्या फिश (चमकत्या रंगखुणांनी गुणसूत्रांतले बदल शोधणारी तपासणी) अहवालातले बदल वारशाचे नव्हेत, कर्कपेशींतच झालेले असतात. १३क्यू, म्हणजे १३व्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा, तुकडा गळणे सर्वांत जास्त आढळते आणि ते एकटेच असेल तर चांगले लक्षण. ११क्यू गळाल्यास आजार वेगाने वाढतो. १७पी (१७व्या गुणसूत्राची आखूड भुजा, जिच्यावर टीपी५३ जनुक असते) गळाले किंवा टीपी५३ जनुक बिघडले, तर जुन्या केमोथेरपीचा उपयोग होत नाही. कारण ती औषधे पेशीच्या डीएनएला इजा करतात आणि इजा झालेल्या पेशीला मरायला लावणारे टीपी५३च निकामी असते. तिथे इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स यांसारखी औषधे लागतात.

इंदुराहून नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर गुणसूत्र तपासणीसाठी हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची नळी घ्यावी. पेशी जिवंत पोहोचायला हव्यात: नमुना गोठवू नये, मे महिन्यात उन्हात राहू देऊ नये, शक्यतो २४ तासांत पोहोचवावा. आयजीएचव्ही तपासणी (कर्कपेशींच्या प्रतिपिंड-जनुकात बदल झालेत का हे पाहणारी) एकदाच पुरते, तिचा निकाल बदलत नाही. फिश आणि टीपी५३ मात्र दर नव्या उपचारापूर्वी पुन्हा करावे लागते, कारण मधल्या काळात १७पी नव्याने गळालेले असू शकते.