मसालेदार अंबरची ऊब येते कुठून?

परफ्यूमचा फवारा मनगटावर पडतो तेव्हा तिथली त्वचा गार होते. फवाऱ्यात सर्वांत जास्त असतं ते अल्कोहोल. ते त्वचेच्या तापमानालाही झपाट्यानं उडून जातं आणि उडायला लागणारी उष्णता त्वचेकडूनच घेतं. नेमक्या त्याच क्षणी, वरती दालचिनी-लवंग-वेलदोडा आणि खाली अंबर (राळा आणि व्हॅनिला यांचा गोडसर मेळ) अशा घडणीचा परफ्यूम असेल, तर लावणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘उबदार’. त्वचा थंड होत असताना वास मात्र गरम! हा विरोधाभास मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण त्याचा पाठपुरावा केला की नाक, मेंदू आणि बाष्पीभवन असे तिन्ही विषय एकापाठोपाठ उलगडत जातात.

मसाल्यांपासून सुरुवात करू. नाकात वास ओळखणाऱ्या पेशी असतात, हे आपल्याला माहीत असतं. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या पेशींवरच्या गंधग्राहींची, म्हणजे वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांची, जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही काम करतात. पण नाकात आणखी एक यंत्रणा आहे आणि तिचा वासाशी थेट संबंध नाही. ट्रायजेमिनल नावाच्या चेतेचे (मज्जातंतूचे) बारीक धागे नाकाच्या अस्तरात पसरलेले असतात. चेहऱ्याला होणारा स्पर्श, वेदना, गारवा, उष्णता यांची खबर मेंदूला देणारी हीच चेता. अमोनियानं नाकात झिणझिण्या येतात, पुदिन्याच्या अर्कानं श्वास गार वाटतो, मोहरीनं नाक झणझणतं, ते सारं हिच्यामुळे.

या चेतेच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यांतली काही उष्णतेनं उघडतात आणि काही विशिष्ट रेणूंनीही उघडतात. रेणूनं दार उघडलं तरी मेंदूला पोहोचणारा निरोप तोच असतो. मिरचीतल्या कॅप्सेसिननं आणि चटका देणाऱ्या उष्णतेनं एकच दार उघडतं, टीआरपीव्ही१. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. स्पर्शाच्या संवेदनेवर काम करणारे आर्डेम पटापुटियन त्यांचे सहमानकरी होते. लवंगेतलं युजेनॉल टीआरपीव्ही३ हे दार उघडतं आणि हे दार एरवी त्वचेला सुखद वाटणाऱ्या कोमट उष्णतेला प्रतिसाद देतं. म्हणजे लवंगेला ‘गरम’ म्हणण्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीनं काहीच चूक नाही.

दालचिनीची तऱ्हा वेगळी. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड टीआरपीए१ या दारावर काम करतं. मोहरी आणि लसणाचा झणझणीतपणाही याच दारातून येतो. बहुतेक गंधरेणू आपापल्या ग्राहीत क्षणभर टेकतात आणि सुटतात. सिनॅमाल्डिहाइड मात्र त्या प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी चक्क रासायनिक बंध जोडतं. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण त्याचा दुसरा परिणाम त्वचेवर दिसतो आणि तो सुखद नाही.

मिरीचं मात्र तिच्या कीर्तीच्या उलट आहे. मिरीचा तिखटपणा पायपेरिनमुळे असतो, पण पायपेरिन जवळजवळ उडतच नाही. त्यामुळे ऊर्ध्वपातनानं काढलेल्या मिरीच्या तेलात तिखटपणा येत नाही. येतात ते झाडापाल्याची, लाकडाची आठवण करून देणारे पायनीन, लिमोनीन, कॅरिओफायलीन हे रेणू. मिरीचा खास ओळखीचा वास देणारा रोटुंडोन हा रेणू ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उजेडात आणला, तोही वाइनमधल्या मिरीसारख्या वासाचं मूळ शोधताना. तो अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. पण त्याच अभ्यासात चाचणी देणाऱ्यांपैकी साधारण दर पाचातल्या एकाला, मात्रा पुष्कळ वाढवूनही, तो मुळीच जाणवला नाही. एकाच परफ्यूमबद्दल एक म्हणतो ‘मिरी फार आहे’ आणि दुसरा म्हणतो ‘मिरी कुठे आहे?’, तेव्हा दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच असते.

अंबरच्या बाजूला वळलं की ही सगळी गणितं बदलतात. परफ्यूममधलं अंबर म्हणजे एखादा एकच पदार्थ नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या राळेचा, अंबर नावाचाच पिवळा खडा जवळजवळ गंधहीन असतो, आणि स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुलांच्या चोचींभोवती साचणारं अंबर ही वेगळीच वस्तू. परफ्यूम तयार करणारे ज्याला अंबर म्हणतात तो एक जुळवलेला मेळ आहे. त्याचा कणा म्हणजे लॅब्डॅनम, भूमध्य सागराभोवती वाढणाऱ्या सिस्टस झुडपाची चिकट, काळपट राळ. उन्हात पानांवर ती पाझरते. बोकड त्या झुडपांत चरतात तेव्हा त्यांच्या दाढ्यांना ती चिकटते आणि तिथून ती गोळा केली जाते, अशी नोंद हिरोडोटसनं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी केली आहे. तिला चामड्याचा, धुराचा, वाळलेल्या फळांचा असे अनेक पदर असतात. तिच्या जोडीला बेंझॉइन, म्हणजे स्टायरॅक्स झाडांचा लोबान; टोंका नावाच्या बियांतलं कुमारिन हे सुगंधी द्रव्य; आणि व्हॅनिला.

यातल्या शेवटच्या दोघांनी आधुनिक अंबर घडवलं. कुमारिन १८६८ मध्ये विल्यम हेन्री पर्किन यांनी प्रयोगशाळेत तयार केलं. पुढे १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिन या पदार्थापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य गंधरेणू, तयार केलं. व्हॅनिलाच्या महागड्या शेंगांवरचं अवलंबित्व संपलं आणि गोडसर, जड, राळेच्या बैठकीचे परफ्यूम मोठ्या प्रमाणात करता येऊ लागले.

व्हॅनिलिनबद्दल मला विशेष सांगायचं आहे. प्रयोगशाळेत एक साधी चाचणी करतात. डोळे बांधून एकाच नाकपुडीत वास सोडायचा आणि विचारायचं, डावीकडून आला की उजवीकडून? पदार्थ ट्रायजेमिनल चेतेला डिवचणारा असेल, मेंथॉलसारखा, तर माणसं बिनचूक सांगतात. व्हॅनिलिनच्या बाबतीत मात्र उत्तर निव्वळ अंदाजानं द्यावं लागतं, कारण ते त्या चेतेला जवळपास स्पर्शच करत नाही. शुद्ध वासाचं उदाहरण म्हणून संशोधक व्हॅनिलिन वापरतात ते यामुळेच. म्हणजे मसाल्यांच्या उबेला नाकातल्या एका चेतेचा आधार आहे आणि अंबरच्या उबेला तो नाही. तरीही अंबर उबदार वाटतं. मग ही ऊब येते कुठून?

माझ्या मते ती मेंदूनं जोडलेली असते. गंधपेशींकडून निघालेला संदेश मेंदूतल्या गंधकंदातून थेट त्या भागांकडे जातो जिथे भावना आणि आठवणी हाताळल्या जातात; दृष्टी किंवा श्रवणाप्रमाणे तो आधी थॅलॅमस या मेंदूतल्या नाक्यावर थांबत नाही. म्हणून वास आणि त्याच्या सोबतीनं आलेला अनुभव यांची गाठ फार घट्ट बसते. व्हॅनिलाचा वास आपल्याला ‘गोड’ वाटतो, पण गोडी ही जिभेची संवेदना आहे. गोड पदार्थांसोबत तो वारंवार येत राहिल्यानं नाकानं ती उसनी घेतली. राळांची आणि धुराची ऊबही अशीच जोडली गेली असावी.

तरीही सगळं काही शिकलेलंच असतं, असं म्हणता येत नाही. जगातल्या एकमेकांपासून अगदी वेगळ्या समाजांमध्ये, शिकारीवर जगणाऱ्यांपासून शहरांत राहणाऱ्यांपर्यंत, केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी दहा वास आवडीच्या क्रमानं लावले. संस्कृतीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. रेणूची घडण आणि माणसामाणसातला फरक यांचा वाटा कितीतरी मोठा होता. आणि सगळ्यांत आवडता ठरला तो व्हॅनिलिन. अंबरचे परफ्यूम जगभर इतके का चालतात, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

मसाला आणि अंबर यांची जोडी जमते यामागे रसायनाचंही नातं आहे. युजेनॉल आणि व्हॅनिलिन यांचे रेणू शेजारी काढून पाहा. दोघांत तेच सहा कार्बनचं वलय, त्यावर तोच हायड्रॉक्सिल गट आणि शेजारी तोच मेथॉक्सी गट. फरक फक्त शेपटीत. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलपासून व्हॅनिलिन तयारही करता येतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या एका टोकाला हेच वलय असतं. चटका, मसाला आणि व्हॅनिला एका सांगाड्यावर उभे आहेत!

पण ते एकाच वेळी नाकापर्यंत पोहोचत नाहीत आणि परफ्यूम लावण्याचा सगळा अनुभव या उशिरावर अवलंबून असतो. हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागून, असं सरसकट सांगितलं जातं. ते अपुरं आहे. संत्रं-लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार १३६ आणि उत्कलनबिंदू १७६ अंश. सिनॅमाल्डिहाइड त्याहून हलकं, १३२ चं, पण ते उकळतं सुमारे २४८ अंशांना. युजेनॉलचा भार १६४ आणि उत्कलनबिंदू साधारण २५४. व्हॅनिलिन युजेनॉलपेक्षा हलकं, १५२ चं, तरी त्याचा उत्कलनबिंदू २८५ च्या आसपास. भारापेक्षा महत्त्वाचं ठरतं ते रेणूंचं एकमेकांना धरून ठेवणं. लिमोनीनमध्ये नुसते कार्बन आणि हायड्रोजन, म्हणून पकड सैल. व्हॅनिलिनमध्ये ऑक्सिजनचे गट शेजारच्या रेणूंशी हायड्रोजनबंध जुळवतात आणि सुटका लांबते.

राळा ही पकड आणखी घट्ट करतात. लॅब्डॅनम आणि लोबानातले मोठे, न उडणारे रेणू त्वचेवर पातळ थर करतात. मिश्रणात एखाद्या घटकाचा वाटा जितका कमी, तितका त्याचा बाष्पदाबही, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोरही, कमी. शिवाय राळेशी त्याची जवळीक असेल तर तो आणखी खाली येतो. म्हणून एरवी तासाभरात संपणारा मसाला अंबरच्या सोबतीनं रेंगाळतो. मसालेदार अंबरची खरी गंमत मला या मधल्या काळातच सापडते. पहिला झणका ओसरलेला असतो, व्हॅनिलिन वर यायला लागलेलं असतं आणि लवंग दोघांच्या मध्ये उभी असते. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच मत बनवणाऱ्याला हा टप्पा कधीच भेटत नाही. असा परफ्यूम त्वचेवर निदान तीन-चार तास राहू द्यावा, मगच त्याच्याविषयी बोलावं.

त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं. अशा रेणूंचा बाष्पदाब तापमान १० अंशांनी वाढलं की दुपटीच्या पुढे जातो. त्यामुळे उकाड्यात हाच परफ्यूम अंगावर येतो आणि थंडीत तो नीट, सावकाश उलगडतो. तेलकट त्वचेत हे तेलप्रेमी रेणू विरघळून राहतात. कोरड्या त्वचेवरून लवकर निघून जातात. आधी वास नसलेलं मलम लावलं तर परफ्यूम जास्त टिकतो, हा सल्ला रसायनाला धरूनच आहे.

थोड्या वेळानं लावणाऱ्याला मात्र वाटू लागतं की वास संपला. तसं नसतं. गंधपेशीत वासाचा संदेश सुरू झाला की पेशीच्या आवरणातल्या एका वाहिनीतून कॅल्शियमचे आयन आत शिरतात. तेच आयन कॅल्मॉड्युलिन या प्रथिनाला जोडून ती वाहिनी कमी संवेदनशील करतात. वास सतत येत राहिला की पेशी आपणहून आवाज खाली आणते, आणि मेंदूही तेच करतो. जागा बदलून नव्यानं आत येणाऱ्याला तो वास स्वच्छ येत असतो. आपल्याला येत नाही म्हणून पुन्हा फवारणं ही म्हणूनच सर्वसामान्य चूक आहे, आणि अंबरसारख्या चिवट वासाच्या बाबतीत ती आजूबाजूच्यांना सर्वांत जास्त जाचते.

आता सिनॅमाल्डिहाइडचा तो दुसरा परिणाम. सिस्टीनशी बंध जोडण्याची त्याची सवय त्वचेतल्या प्रथिनांनाही लागू पडते. बदललेलं प्रथिन रोगप्रतिकार यंत्रणेला परकं वाटू शकतं आणि काही जणांना त्याची ॲलर्जी जडते. एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग तोच रेणू टूथपेस्टमधून आला तरी त्रास होतो. म्हणून परफ्यूम उद्योगानं त्याच्या मात्रेवर मर्यादा घातल्या आहेत. युरोपीय संघात २६ सुगंधी घटकांची नावं ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर छापणं बंधनकारक होतं. २०२३ च्या नियमानं ही यादी ८० च्या पुढे नेली. मसालेदार अंबरच्या खोक्यावर सिनॅमल, युजेनॉल, कुमारिन ही नावं दिसतील ती यामुळे. पूर्वी अशी ॲलर्जी झालेल्यांनी ती वाचूनच बाटली घ्यावी, आणि नुकत्याच दाढी केलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर कुणीच फवारू नये.

ज्यांना त्वचेवर नको त्यांनी कपड्यांवर लावावा, पण तिथे परफ्यूमचा क्रम बदलतो. कापड त्वचेपेक्षा थंड असतं, म्हणून मसाल्यांचा भाग लांबतो आणि अंबर हळू वर येतं. कपडा निवडताना गडद रंगाचा निवडावा. राळा मुळातच तपकिरी असतात, आणि व्हॅनिलिनही हवा-प्रकाशात गडद होत जातं, त्यामुळे फिक्या कापडावर डाग राहू शकतो. बाटलीतला द्रव वर्षभरात गडद झाला तर तेही बहुधा याच कारणानं. वास बिघडला नसेल तर असा परफ्यूम खुशाल वापरावा.