पब्लिक लायबिलिटी की प्रॉडक्ट लायबिलिटी? कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांचा नेहमीचा घोळ

कॅम्पिंग, ट्रेकिंग, क्लायम्बिंगचं सामान विकणाऱ्या कोणालाही विचारा, दुकानाचा इन्शुरन्स आहे का, तर उत्तर ठरलेलं असतं, आहे ना, आगीचा आहे, चोरीचा आहे आणि ते लायबिलिटीवालं पण घेतलंय. आता हे लायबिलिटीवालं म्हणजे नक्की कुठलं असं विचारलं की गाडी अडते. कारण त्यात दोन वेगळी कव्हर्स येतात, पब्लिक लायबिलिटी आणि प्रॉडक्ट लायबिलिटी, बऱ्याचदा एकाच पॉलिसीत पुढच्या-मागच्या पानावर असतात, आणि विकणारा एजंटसुद्धा घाईत दोन्ही मिळून एकच नाव घेऊन मोकळा होतो. वह्या-पुस्तकांच्या दुकानात हे खपून जाईल, वहीमुळे कोणी कड्यावरून पडत नाही. पण जिथे दोर, हार्नेस (चढताना दोर जोडायचा कमरेचा पट्टा), गॅस स्टोव्ह आणि लिथियम बॅटरीचे हेडलॅम्प विकले जातात तिथे यातलं एक असून दुसरं नसणं म्हणजे अर्धंच कव्हर, आणि माझ्या मते तर महत्त्वाचं अर्धं नसलेलं.

आधी सोपं घेऊ. पब्लिक लायबिलिटी म्हणजे तुमच्या जागेत किंवा तुमच्या धंद्याच्या कामामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर त्याची भरपाई आणि वकिलाचा खर्च. ओल्या फरशीवर कोणी घसरलं, वरच्या रॅकवरून बुटांचा खोका डोक्यात पडला वगैरे. आउटडोअरच्या दुकानात यात थोडी भर पडते कारण इथे गिऱ्हाईक नुसतं बघत नाही, ते तंबूत शिरतं, झोपून बघतं, सॅकमध्ये वजन भरून फेऱ्या मारतं. डिस्प्लेला उभ्या केलेल्या तंबूचे ताणाचे दोर तर हमखास पायात येतात, बारीक असतात, फरशीच्याच रंगाचे असतात, आणि माणूस तेव्हा वर टांगलेल्या जॅकेटांकडे बघत चाललेला असतो. दुकानात छोटी क्लायम्बिंग वॉल असेल तर ती इन्शुरन्स कंपनीला लेखी सांगितलेली असायला हवी, किरकोळ विक्रीच्या पॉलिसीत ती आपोआप धरली जाईल या भरवशावर राहू नका. आणि दुकानातला कामगार शिडीवरून पडला तर ते यात येत नाही, त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

प्रॉडक्ट लायबिलिटी सुरू होते ती माल विकून झाल्यावर. गिऱ्हाईकाने स्टोव्ह नेला, कॅम्पवर पेटवला, व्हॉल्वमधून गॅस गळला आणि हात भाजला. किंवा कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, गेट नीट बंद होत नव्हतं, हेडलॅम्पची बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना पेटली आणि खोली जळाली. इजा किंवा नुकसान वस्तूने केलं, तुमच्या दुकानापासून लांब, कदाचित विक्रीनंतर दोन वर्षांनी.

ओळखायचं कसं, तर दोन प्रश्न विचारायचे, अपघात कुठे झाला आणि त्या क्षणी वस्तू कोणाच्या ताब्यात होती. अमेरिकेतली जी स्टँडर्ड कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी आहे तिच्यात साधारण हीच रेघ मारलेली आहे, तुमच्या जागेबाहेर झालं पाहिजे आणि वस्तू तुमच्या ताब्यात नसली पाहिजे, मगच ते प्रॉडक्टच्या खात्यात जातं. म्हणजे तोच स्टोव्ह काउंटरवर डेमो देताना भडकला आणि समोरच्याचा हात भाजला तर पब्लिक, आणि तोच स्टोव्ह विकल्यावर डोंगरात भडकला तर प्रॉडक्ट. स्टोव्ह तोच, दोष तोच, जखमही तीच, पण क्लेम वेगळ्या पानावर, वेगळ्या लिमिटमध्ये (म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देणार ती मर्यादा), आणि ते दुसरं पान पॉलिसीत नसेल तर तुमच्या खिशातून.

इथे दुकानदार हमखास म्हणतो, अहो पण स्टोव्ह आम्ही कुठे बनवला, कंपनीने बनवलाय, आमच्यावर कशाला येईल. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अर्धं हो आहे. वस्तूच्या दोषाची जबाबदारी आधी बनवणाऱ्यावर जावी हा विचार जुनाच आहे, १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा गाजलेला निकाल दिला, जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार होती, आणि गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईंनी ती बाटली विकत घेतलीच नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिलेली. तरी बनवणाऱ्यावर तिच्याबद्दलही जबाबदारी आहे असं ठरलं. हे लक्षात ठेवायचं कारण असं की तंबू एक जण घेतो आणि झोपतात चौघं, क्लेम करणारा माणूस तुमच्या बिलावर असेलच असं नाही.

पण विकणारा सुटतो असं नाही. युरोपियन युनियनच्या १९८५ च्या प्रॉडक्ट लायबिलिटी डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायच्या नियमावलीत, युनियनच्या बाहेरून माल आणणाऱ्या इम्पोर्टरला उत्पादकासारखंच धरलंय, वस्तूवर स्वतःचं नाव किंवा ब्रँड लावणाऱ्यालाही धरलंय, आणि उत्पादक कोण तेच सांगता येत नसेल तर विकणाऱ्यालाही. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही विक्रेत्याची वेगळी यादी आहे, वस्तूत बदल केला, स्वतःच्या जिवावर जादा वॉरंटी दिली, जोडणी-तपासणीत हयगय केली, उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाईकापर्यंत पोचवलीच नाही, तर विक्रेता जबाबदार. देश बदलला की तपशील बदलतात पण ही कलमं वाचताना आउटडोअरचं दुकानच डोळ्यासमोर येतं, कारण आपण यातलं जवळजवळ सगळं रोज करतो.

दोराचंच घ्या. क्लायम्बिंगचा दोर बंद पाकिटात आला तर त्याच्या टोकाला पट्टी असते, त्यावर स्टँडर्ड, जाडी, लांबी, आणि सोबत माहितीपत्रक, बॅच नंबर. आता तोच दोर मोठ्या रिळावरून गिऱ्हाईकाला हवा तेवढा कापून दिला, टोक गरम सुरीने वितळवून बंद केलं आणि पिशवीत घातलं, तर त्या तुकड्यासोबत काय गेलं? पट्टी रिळाच्या टोकाला राहिली, कागद रिळाच्या खोक्यात राहिला, बॅच नंबर कुठे लिहिलाच नाही. त्यात ताणला जाणारा डायनॅमिक दोर ईएन ८९२ या युरोपियन स्टँडर्डचा आणि कमी ताणाचा स्टॅटिक दोर ईएन १८९१ चा, नवख्याला दिसायला सारखेच, पण स्टॅटिकवर लीड क्लायम्बिंग (दोर खालून सोबत घेऊन पुढे चढणं) करताना पडलात तर झटका शोषला जात नाही, सगळा अंगावर येतो. उद्या भांडण झालं तर दोर निर्दोष होता हे बनवणारी कंपनी आरामात सिद्ध करेल, आणि मग प्रश्न उरतो की कुठला दोर आहे हे गिऱ्हाईकाला सांगायचं काम कोणाचं होतं. त्यामुळे कापून दिलेल्या प्रत्येक तुकड्याला नवी पट्टी, सोबत माहितीपत्रकाची प्रत आणि बिलावर बॅच नंबर, एवढं तरी करावंच, इन्शुरन्स असला तरी.

दोन्ही कव्हर्समधला दुसरा मोठा फरक वेळेचा, आणि यावर लोक फारच कमी बोलतात. दुकानात कोणी पडलं तर तुम्हाला त्याच दिवशी कळतं. विकलेल्या वस्तूचं तसं नाही, स्लीपिंग बॅगसोबत नेलेला स्टोव्ह माळ्यावर पडून राहतो आणि तीन वर्षांनी निघतो. वर म्हटलेल्या युरोपियन डायरेक्टिव्हमध्ये वस्तू बाजारात आल्यापासून १० वर्षांपर्यंत दावा करायची मुभा आहे. आता पॉलिसी दोन प्रकारची असते, एकात अपघात पॉलिसीच्या मुदतीत झाला असला की पुरे, क्लेम नंतर आला तरी चालतो, दुसरीत क्लेमच मुदतीत यावा लागतो, तिला क्लेम्स मेड म्हणतात. क्लेम्स मेडमध्ये रेट्रोॲक्टिव्ह डेट नावाची एक तारीख असते, तिच्या आधी घडलेलं काही धरत नाहीत. कंपनी बदलताना ही तारीख नव्या पॉलिसीत आजची टाकली गेली तर मागच्या सगळ्या वर्षांचं कव्हर एका सहीत गेलं, आणि प्रीमियम स्वस्त मिळाला म्हणून आपण खूश. दुकान बंद करणाऱ्यांनी तर हे जास्तच बघावं, शटर खाली आलं तरी विकलेला माल लोकांकडे आहेच, त्यासाठी रन-ऑफ कव्हर, म्हणजे धंदा बंद झाल्यावर येणाऱ्या क्लेमचं कव्हर, मिळतं ते विचारावं.

दोन्हीत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. तंबू पहिल्याच पावसात गळला, पैसे परत हवेत, हे यात येत नाही, ती तुमच्या धंद्यातली जोखीम झाली. तंबू गळाल्यामुळे आतला कॅमेरा भिजला तर मात्र प्रॉडक्टकडे बोट दाखवता येतं. तसंच माल परत बोलवायचा खर्च, म्हणजे रिकॉल, त्याचं कव्हर वेगळं असतं.

रिकॉल म्हटलं की व्हाया फेराटाच्या लॅनयार्डची गोष्ट आठवते. व्हाया फेराटा म्हणजे लोखंडी तार लावलेली कड्यावरची वाट, आणि लॅनयार्ड म्हणजे हार्नेस त्या तारेला जोडणारा दोन फांद्यांचा पट्टा. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एका जीवघेण्या अपघातात लॅनयार्डच्या दोन्ही फांद्या तुटल्या, त्यानंतर सेट मोठ्या प्रमाणावर परत बोलावले गेले आणि २०१३ मध्ये आणखी बरेच प्रकार त्यात आले. तो सेट भाड्याचा होता, आणि वारंवार वापराने ताकद कमी होणं हाच मुद्दा पुढे आला. भाड्याने सामान देणाऱ्या दुकानांनी हे वाचून जरा थांबावं. कारण भाड्याची वस्तू विकलेली नसते, मालकी तुमची, वापर दुसऱ्याचा, अपघात तुमच्या जागेबाहेर. पब्लिकवाला म्हणणार हे दुकानात झालं नाही, प्रॉडक्टवाला म्हणणार हे विकलं नाही. आधी सांगितलेल्या अमेरिकन फॉर्ममध्येही भाड्याने दिलेली पण न विकलेली वस्तू प्रॉडक्टच्या व्याख्येत बसत नाही. भाड्याचा धंदा पॉलिसीच्या बिझनेस डिस्क्रिप्शनमध्ये स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा, नुसतं "कॅम्पिंग सामानाची विक्री" असं असेल तर तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही.

असंच त्रांगडं तुमच्या हातच्या कामाचं. स्कीच्या बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचं, उदाहरण देतो कारण तिथे सगळं कागदावर असतं. बाइंडिंग किती जोराला सुटावं हे गिऱ्हाईकाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो कसा स्की करतो यावरून तक्त्यातून काढतात, आयएसओ ११०८८ मध्ये त्याची पद्धत दिलीय. लोक वजन कमी सांगतात आणि स्वतःला एक्स्पर्ट म्हणवतात. आकडा जास्त लावला गेला, पडल्यावर बूट सुटला नाही आणि पाय मोडला, तर दोष बाइंडिंगचा नाही, सेटिंगचा. काही पॉलिसी याला पूर्ण झालेलं काम म्हणून प्रॉडक्टच्याच भागात धरतात, काहींमध्ये हे जादा लिहून घ्यावं लागतं, आणि चुकीचा सल्ला दिला एवढाच आरोप असेल तर काही कंपन्या म्हणतात ही प्रोफेशनल इंडेम्निटी झाली, म्हणजे सल्ल्यातल्या चुकीचं वेगळं कव्हर. म्हणून गिऱ्हाईकाने सांगितलेले आकडे फॉर्मवर, खाली त्याची सही, आणि कॉपी दुकानात. विकेंडला ट्रेक किंवा क्लायम्बिंगची शिकवणी काढणाऱ्या दुकानांचं तर वेगळंच प्रकरण, ते या दोन्हीत धरूच नका.

लिमिटचंही बघा. पब्लिकमध्ये बऱ्याच ठिकाणी लिमिट प्रत्येक घटनेला असतं, प्रॉडक्टमध्ये ते सहसा वर्षभराचं मिळून एकच असतं. कारण उघड आहे, सदोष बॅचमधले हेडलॅम्प पन्नास लोकांना विकले तर क्लेम एक येत नाही, रांग लागते. वकिलाचा खर्च त्या लिमिटमधूनच जातो की वर वेगळा मिळतो हेही वाचा. आणि हद्द बघा, म्हणजे पॉलिसी कुठल्या देशांतले क्लेम धरते ते. दुकानात घसरून पडणारा तुमच्याच गावात पडतो पण विकलेला स्टोव्ह कुठल्याही देशात जातो, ऑनलाइन विकत असाल तर थेटच जातो, आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये अमेरिका-कॅनडातले क्लेम सरळ वगळलेले असतात.

खर्च वाचवायचा एक सरळ मार्ग आहे, होलसेलर किंवा उत्पादकाकडे व्हेंडर्स एन्डोर्समेंट मागायची, म्हणजे त्यांच्या प्रॉडक्ट पॉलिसीत विक्रेता म्हणून तुमचं संरक्षण जोडलं जातं. मोठे ब्रँड देतात, लहान टाळतात, आणि जो टाळतोय त्याचा हार्नेस विकायचा का हे मग तुम्हीच ठरवा. मात्र वस्तूत बदल केला, पॅकिंग बदललं, स्वतःचं लेबल लावलं की हे संरक्षण साधारणपणे गळून पडतं, म्हणजे रिळावरून कापलेला दोर परत तुमच्याच गळ्यात. स्वतःच्या ब्रँडचे तंबू बाहेरून बनवून घेत असाल तर एन्डोर्समेंट विसरा, उत्पादक म्हणूनच पॉलिसी घ्या, महाग पडली तरी.

आणि प्रत्यक्ष गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर क्लेमची नोटीस यायची वाट बघू नका, स्टोव्ह भडकला असा नुसता मेसेज आला तरी त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, क्लेम्स मेड असेल तर नक्कीच. आमचीच चूक झाली, भरून देतो असं लिहून द्यायचं नाही, कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य केली म्हणून क्लेम नाकारायला पॉलिसीत कलम असतंच. तुटलेली वस्तू बदलून देताना जुनी फेकायची नाही की घाईने कंपनीकडे पाठवायची नाही, फोटो काढा, बॅच नंबर उतरवून घ्या, पिशवीत बंद करून तारीख टाकून ठेवा आणि इन्शुरन्सवाल्याने सांगितल्याशिवाय हलवू नका.