‘टेन्शन घेऊ नका’च्या मागचा इतिहास

कॅन्सरचं निदान झालं की दोन वाक्यं हमखास बोलली जातात. एक पेशंटच्या तोंडावर: ‘टेन्शन घेऊ नका.’ दुसरं त्याच्या पाठीमागे, दबक्या आवाजात: ‘सगळं मनात साठवून ठेवायचा स्वभाव, म्हणूनच झालं.’ दुसरं वाक्य फार जुनं आहे. इतकं जुनं, की त्याच्या ओझ्याखाली खरा प्रश्न कित्येक शतकं दबून राहिला. आजार झालेल्या माणसाच्या मनावरचा ताण त्याच्या उपचारांचं काय करतो, हा तो प्रश्न.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन शरीरातल्या चार रसांचा सिद्धांत मानत असे. काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो आणि त्याच पित्तामुळे गाठी होतात, अशी ती मांडणी. त्यामुळे खिन्न स्वभावाच्या स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो, असं तो म्हणे. पित्ताची कल्पना पुढे मागे पडली, खिन्नतेवरचा ठपका राहिला. १८७० मध्ये इंग्लंडचे नामवंत सर्जन जेम्स पॅजेट यांनी तीव्र चिंता आणि निराशेपाठोपाठ कॅन्सर वाढताना वारंवार दिसतो, असं लिहिलं. १८९३ मध्ये डॉक्टर हर्बर्ट स्नो यांनी लंडनमधल्या कॅन्सर रुग्णालयातल्या २५० स्त्रियांची माहिती मांडली. त्यांपैकी १५६ जणींच्या आयुष्यात आजाराच्या आधी काही ना काही मोठा आघात झालेला होता.

आकडा मोठा वाटतो. पण त्याच वयाच्या २५० निरोगी स्त्रियांना हेच विचारलं असतं तर किती जणींनी नाही म्हटलं असतं? आजारी माणूस ‘मलाच का?’ म्हणत मागे वळून बघतो, आणि मागे काही ना काही दुःख असतंच. विसाव्या शतकात कॅन्सर होणारा ‘सी टाइप’ स्वभाव, म्हणजे राग-दुःख गिळून टाकणारा स्वभाव, असतो, अशीही कल्पना रुजली. २०१३ मध्ये युरोपातल्या १२ अभ्यासांमधल्या १,१६,०५६ लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा कामाच्या ताणाचा आणि आतडी, फुफ्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संबंध आढळला नाही. ‘माझ्याच स्वभावामुळे झालं’ असं मनाशी धरून बसलेल्या प्रत्येकाला हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

उपचारांवरच्या परिणामाचा प्रश्न इतका उशिरा का आला, याचं एक साधं कारण आहे: पेशंटला आजार सांगितलाच जात नव्हता. १९६१ च्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. ज्याला काय झालंय हेच सांगायचं नाही, त्याला ‘भीती वाटते का?’ असं कोणत्या तोंडाने विचारणार? या बदलाच्या काळातच, १९७७ मध्ये, मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात कॅन्सर पेशंटच्या मनासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. सायको-ऑन्कोलॉजी ही शाखा तिथून आकाराला आली.

त्याच सुमारास शरीर आणि मन यांच्यातली भिंत दुसऱ्या बाजूनेही खचत होती. १९७५ मध्ये रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना सॅकरिनच्या गोड पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. नंतर नुसतं गोड पाणी दिलं तरी प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद कमी झाला, कारण शरीर त्या चवीची औषधाशी सांगड घालायला शिकलं होतं. ते औषध होतं सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे किमोथेरपीतलंच. सलाइन लागण्याआधी, नुसत्या हॉस्पिटलच्या वासाने ज्यांना उलटी होते, त्यांच्या शरीरातही असंच शिकणं घडलेलं असतं. तो त्यांचा भित्रेपणा नव्हे.

मग आशेची मोठी लाट आली. १९८९ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. जगभर याची चर्चा झाली. २००१ मध्ये अशाच गटांच्या, २३५ स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र आयुष्य वाढलं नाही, आणि २००७ मध्ये स्पीगेल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही एकूण पेशंटमध्ये तो परिणाम दिसला नाही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारा निकाल त्यांनी प्रसिद्ध केला, याबद्दल मला आदर वाटतो. शिवाय २००१ च्या चाचणीत ज्या स्त्रिया सुरुवातीला जास्त त्रासात होत्या, त्यांचं मन हलकं झालं आणि वेदनाही कमी जाणवल्या. हे आयुष्याच्या महिन्यांत मोजता येत नाही म्हणून कमी का मानायचं?

‘खंबीर राहा, लढा’ या सल्ल्याचंही तसंच झालं. १९९९ मध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात लढाऊ वृत्तीमुळे जास्त जगल्याचं दिसलं नाही. हतबलतेचा मात्र आजार पुन्हा डोकं वर काढण्याशी काहीसा संबंध दिसला. म्हणजे रडू आलं तर रडावं. पण कुणी पार खचून गेलं असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

पेशींच्या पातळीवरचं काम यानंतरचं. २००६ मध्ये अमेरिकेतले कॅन्सर संशोधक अनिल सूद यांच्या गटाने दाखवलं, की सततच्या ताणाखाली ठेवलेल्या उंदरांमध्ये अंडाशयाचा ट्यूमर अधिक वाढतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि रक्तदाबावरचं जुनं औषध प्रोप्रॅनोलॉल दिलं तर हा परिणाम रोखला जातो. त्यामागे ताणात स्रवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनसारख्या संप्रेरकांचा मार्ग होता. ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत हे औषध देण्याच्या छोट्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत. तरी उंदराचा निष्कर्ष उचलून पेशंटला भीती घालणं चुकीचंच.

ताणाचा आणि नैराश्याचा उघड दिसणारा परिणाम याहून साधा आहे: उपचार पूर्ण होत नाहीत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात ऑपरेशननंतरची किमो स्वीकारण्याचं प्रमाण नैराश्य नसलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ९२ टक्के होतं, नैराश्य असलेल्यांमध्ये जेमतेम ५१. झोप नाही, भूक नाही, पुढची तारीख चुकली, गोळी राहून गेली, आणि डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलं नाही.

म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तपासणीचं एक साधं साधन आलं. कागदावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा अंक. पेशंटने गेल्या आठवड्यातल्या त्रासावर खूण करायची. चार किंवा जास्त आलं की पुढची चौकशी. सोबत एक यादी असते, आणि तिच्यात भीती व उदासीबरोबरच हेही विचारलेलं असतं: मुलांकडे कोण बघणार, हॉस्पिटलला यायचं कसं, पैशांचं काय.