मेन राज्यावरून अमेरिकेचा अध्यक्ष आधीच कळायचा का?

समज असा : ‘मेन जिकडे, सारी अमेरिका तिकडे.’

याला कारण होतं. मेन राज्यात गव्हर्नरची निवडणूक सप्टेंबरात व्हायची, अध्यक्षपदाचं मतदान नोव्हेंबरात. आजच्यासारख्या जनमत चाचण्या नसताना दोन महिने आधी खरी मतं मोजलेली दिसायची. लोकांनी त्यावर भरवसा ठेवला, हे साहजिकच होतं.

पडताळायचं तर दोन्ही निकाल वर्षावार शेजारी मांडावेत. १९०० ते १९२८ मध्ये अध्यक्षपदाच्या आठ निवडणुका झाल्या. त्या आठही वर्षी मेनने रिपब्लिकन गव्हर्नर निवडला. देशात मात्र रिपब्लिकन सहादाच जिंकले. १९१२ आणि १९१६ मध्ये डेमोक्रॅट आले. म्हणजे मेनकडे न पाहता दरवेळी ‘रिपब्लिकन’ म्हणणाऱ्याचेही नेमके सहाच अंदाज खरे ठरले असते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच : मेनचा कौल बदलतच नव्हता, मग तो देशातला बदल सांगणार कसा?

१९३२ मध्ये सप्टेंबरात मेनला डेमोक्रॅट गव्हर्नर मिळाला आणि देशातही डेमोक्रॅट जिंकले, पण नोव्हेंबरात खुद्द मेनने रिपब्लिकन उमेदवारालाच मत दिलं. १९३६ मध्ये मेन सप्टेंबरात पुन्हा रिपब्लिकनांकडे गेलं. नोव्हेंबरात ४८ पैकी ४६ राज्यं डेमोक्रॅटांनी जिंकली. राहिली फक्त मेन आणि व्हरमाँट.